फळ्यावरचा रखवालदार

१

टिटवीने फोन आत्यापुढे टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. रडली नाही, चिडली नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही.

फोनवर तिचा लेख उघडा होता, 'बाबा आणि लिफ्ट'. दुपारपर्यंत त्याला शाबासक्या पडत होत्या. आता आकड्याच्या जागी भोपळा होता आणि खाली तांबड्या अक्षरांत शिक्का : 'उचललेलं लिखाण. पुसलं. रखवालदार.'

"म्हणजे काय गं?" आत्याने विचारलं.

"म्हणजे मी चोर," टिटवी म्हणाली. आज नळाला पाणी आलं नाही, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं.

टिटवी ही आत्याच्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. लहानपणी तिचं तोंड म्हणून बंद नसायचं, झोपेतही बडबडायची, तेव्हा बापानेच हे नाव ठेवलं होतं. बाप लिफ्टच्या कंपनीत कंट्रोल पॅनेलचे प्रोग्राम लिहायचा. उन्हाळ्यात कामावर असतानाच तो कोसळला, थोडे दिवस दवाखान्यात बेशुद्ध पडून राहिला आणि गेला. तेव्हापासून टिटवी नोकरीवर जात होती, जेवत होती, भांडी घासत होती आणि लागेल तेवढंच बोलत होती.

आत्याचं तरी काय वेगळं होतं? विमा कंपनीत दावे तपासण्यात तिची हयात गेली. लोकांची मरणं तिने कागदावर इतकी पाहिली होती की घरचं मरण आलं तेव्हा दाखला, अर्ज, सह्या सगळं तिने बिनचूक उरकलं, आणि मग लक्षात आलं की आपण रडलोच नाही. नंतर ते राहूनच गेलं. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, ती पुन्हा जागीच झाली नाही तर कसं होईल, तसं तिचं आतून झालं होतं.

त्या मुक्या दिवसांत टिटवीने आपणहून केलेली एकच गोष्ट म्हणजे हा लेख.

"ही फळा फळा म्हणतात ती काय भानगड आहे? मला पहिल्यापासून सांग," आत्या म्हणाली.

टिटवीने तुटक तुटक सांगितलं, ते असं. फळा ही इंटरनेटवरची लिहिण्याची जागा. लेख आवडला की वाचकाने शाबासकी द्यायची. आठवडा सरला की शाबासक्यांचं वजन करून लेखकाला खडू मिळतात. खडू म्हणजे तिथलं आभासी नाणं, बाजारात विकलं की खरे पैसे. ऐकायला झकास, पण खरी मेख पुढेच होती. ज्याच्याकडे खडूंचा साठा मोठा, त्याच्या शाबासकीचं वजन मोठं. शंभर नवख्यांनी पाठ थोपटली तरी लेख जागचा हलत नाही, आणि एका बड्या माशाने नुसतं बोट लावलं की वर जातो. पुसण्याचंही तेच. साठा असेल त्याने दुसऱ्याच्या लेखावर डस्टर फिरवावं आणि शिक्का मारून मोकळं व्हावं. बळी तो कान पिळी, फक्त इथे पिळणाऱ्याचा हात दिसत नाही.

"मग शिक्का उठवायचा कुणी?"

"ज्याने मारला त्यानेच. तोही आठवडा सरायच्या आत. परवा संध्याकाळी सरतो माझा. मग कुणालाच काही बदलता येत नाही. फळा चालवणाऱ्यांनासुद्धा नाही."

म्हणजे रविवारी संध्याकाळनंतर बापावरच्या लेखाखाली चोरीचा शिक्का कायमचा. आत्याने लेख पुन्हा वाचला. अगदी धाकट्यासमोर बसल्यासारखं वाटत होतं. पोरगी बापाच्या वळणावर गेली, एवढंच तिच्या मनात आलं.

"तुला तिथे पाठवलं कुणी?"

"कुणी नाही. बाबा वाचत बसायचे तिथे, म्हणून गेले."

"टोपणनावाने लिहितेस ना? मग ही तू, हे कुणाला ठाऊक?"

"गावातले फळ्यावरचे लोक शनिवारी भेटतात. तिथल्या तिघांना. दातांचे डॉक्टर, मास्तरीणबाई आणि फोटोवाला."

"आणि हा रखवालदार?"

"तो कोण ते कुणालाच माहीत नाही," टिटवी म्हणाली आणि फोन उचलून उठली. दारात थांबून, मागे न बघता तिने एवढंच जोडलं, "आत्या, त्यातलं एकही वाक्य मी कुठून घेतलेलं नाही. तुला तरी खरं वाटतं ना?"

आत्याने मान हलवली. पण दावे तपासणाऱ्या बाईच्या मनात एक किडा वळवळलाच : तिला खोटं ठरवून कुणाचा फायदा होतो?

२

शनिवारी सकाळी आत्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन बसली. काचेच्या कपाटात प्लास्टरचे जबडे मांडून ठेवलेले, आणि ते सगळे कुणाला तरी हसत होते. डॉक्टर हा फळ्यावरचा बडा मासा. गुबगुबीत, हसतमुख, हातमोजे काढता काढता बोलणारा.

"नवख्यांवर अन्याय होतो म्हणता? होतो की. मी पहिल्या वर्षी आलो मॅडम, खडू मातीमोल होते तेव्हा. घरचे मला वेड्यात काढायचे. आज मी बोट लावलं की लेख वर जातो, यात माझा काय गुन्हा?"

"आणि आज आलेल्याने काय करायचं?"

"माझ्यासारख्याच्या नजरेत भरायचं," डॉक्टर म्हणाला. माणूस निदान सरळ बोलत होता.

"टिटवीचा लेख भरला नजरेत?"

"भरला म्हणजे काय! काल दुपारी मीच तिला वजनदार शाबासकी दिली. एक पेशंट बघून, चहा पिऊन येतो, तर लेख पुसलेला."

"तुम्हीच पुसला असेल तर?"

डॉक्टर इतका मोठ्याने हसला की बाहेरच्या पेशंटने डोकावून पाहिलं. "मॅडम, लेख लवकर ओळखून शाबासकी देणाऱ्यालाही खडूंचा वाटा मिळतो. मी तो पुसला तर माझ्याच पायावर धोंडा. आणि रखवालदाराने मला तरी कुठे सोडलंय? दवाखान्यासाठी एक माहितीपत्रक लिहिलं होतं, तेच मी दोनदा फळ्यावर टाकलं. माझंच लिखाण, आणि चोरीचा शिक्का माझ्यावरच!"

"म्हणजे तो लहानमोठा बघत नाही."

"अजिबात नाही. फक्त एक आहे, वजनदार शाबासकी पडल्याशिवाय तो लेखाकडे फिरकत नाही. पडली की थोड्या वेळात हजर. रात्र असो, दिवस असो, आजारी पडत नाही, गावाला जात नाही."

आत्याने हे ऐकून घेतलं. तिच्या कामात एक सवय लागते. माणूस काय सांगतो त्यापेक्षा, सांगताना त्याला कशाचं नवल वाटत नाही, ते बघायचं. बारा महिने तेरा काळ जागा असणाऱ्या रखवालदाराचं डॉक्टरला काही नवल वाटत नव्हतं.

ती उठली तेव्हा डॉक्टर दारापर्यंत आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "एक सांगतो. हा माणूस याच गावातला आहे. कसं, ते मास्तरीणबाईंना विचारा. त्यांच्याकडे पुरावा आहे."

३

मास्तरीणबाई भूगोल शिकवायच्या. शाळा सुटली होती, आणि त्या रिकाम्या वर्गात नकाशे गुंडाळून ठेवत होत्या. फळ्यावर नव्याने येणाऱ्यांना हात धरून चालवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. टिटवीचा मसुदाही त्यांनीच तपासला होता, म्हणजे लेख बाहेर पडायच्या आधी तो यांच्या हातात होता. आत्याने ते स्पष्ट बोलून दाखवलं.

"माझ्यावर संशय घेताय? घ्या," बाई म्हणाल्या. त्यांना राग आला नाही, दम लागल्यासारखं झालं. "ताई, मी इतक्यांना हात धरून आणलं. नव्याचे नऊ दिवस लिहितात, भिंतीशी बोलल्यासारखं होतं, निघून जातात. ही मुलगी पहिली, जिचा लेख वर गेला. तो मी पुसेन?"

"गावातल्याचा पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

"पुरावा कसला, दिवे गेले होते. मी रखवालदाराला एका चुकीच्या शिक्क्याबद्दल लिहीत होते, आणि मध्येच वीज गेली. परत आल्यावर बघते तर त्यांचं उत्तर : 'माफ करा बाई, इथले दिवे गेले होते.' तेवढा वेळ फक्त आपल्याच भागातली वीज गेली होती."

आत्या बाकावर टेकली. "उत्तर देतो तो?"

"द्यायचे," बाईंनी सुधारलं. "एका ओळीत, पण अदबीने. शिक्के यंत्रच मारतं की ते स्वतः, देव जाणे. पण चूक दाखवली की बघायचे आणि शिक्का उठवायचे. दोन-तीनदा उठवलाय माझ्या सांगण्यावरून. आता नाही."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. काल टिटवीसाठी किती वेळा लिहिलं. पूर्वी माणूस होता हो त्यांच्यात, आता दगड झालाय. पुसतात मात्र रोज."

आत्याच्या डोक्यात काहीतरी हललं आणि पुन्हा स्वस्थ झालं. भाऊ गेल्यापासून तिच्या डोक्यात विचार असेच यायचे, दार ढकलायचे आणि परत जायचे. तिने बाईंना विचारलं, टिटवीवर खार खाऊन असलेलं कुणी आहे का.

बाईंनी नकाशाची दोरी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "चहाड्या करायचा माझा स्वभाव नाही," त्या म्हणाल्या, आणि ज्यांचा स्वभाव नसतो ते ज्या उत्साहाने करतात तशा सांगू लागल्या. "लेख पुसला गेला हे मी काल फोटोवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं."

४

"हो, म्हणालो," फोटोवाला म्हणाला. "बरं झालं, असंच म्हणालो. परत म्हणू?"

त्याचा स्टुडिओ म्हणजे एक पांढरा पडदा, एक स्टूल आणि भिंतीभर दुसऱ्यांची लग्नं. तरणाबांड गडी, पण चेहरा कायम आंबलेला. फळ्यावर तो टिटवीच्या वर्षभर आधी आला होता.

"तिने तुझं काय वाकडं केलं?"

"काही नाही काकू, तेच तर. पोरगी आली, पहिला लेख टाकला, आणि डॉक्टरांनी लगेच पाठ थोपटली. मी वर्षभर लिहितोय. फोटो टाकतो, त्यामागची गोष्ट लिहितो. कुत्रं विचारत नाही. लोक रखवालदाराच्या नावाने बोटं मोडतात. मला तर तो पुसतसुद्धा नाही! पुसण्याइतकंही वर जायला पाहिजे ना!"

हे त्याने इतक्या कळकळीने सांगितलं की एरवी आत्या हसली असती. तिने नुसतं विचारलं, "तू रखवालदार नाहीस कशावरून?"

"मी?" फोटोवाल्याने तिला हाताला धरून संगणकासमोर बसवलं. "हे बघा त्याचं पान. सगळ्यांना दिसतं. मी रोज बघतो, जीव जळतो माझा. याच्या साठ्यावर दररोज नवे खडू पिकतात. पण फळ्यावर ते आपोआप खिशात पडत नाहीत, जाऊन 'उचला' असं बटण दाबावं लागतं. दुसरं काही नाही, एक बटण! हा पठ्ठ्या आधी रोज सकाळी दाबायचा. आता बघा, ढीग साचलाय. मी रखवालदार असतो तर दात घासायच्या आधी उचलले असते."

आत्याने चष्मा पुसला. "शेवटचे कधी उचललेत?"

"इथे तारीख असते." तो पडद्यावर वाकला आणि वाचून दाखवली.

उन्हाळ्यातली तारीख होती. त्या सकाळी रखवालदाराने बटण दाबलं होतं, दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग कधीच नाही.

"काकू, पाणी देऊ का? काकू?"

आत्याने हाताने नको म्हटलं. ती तारीख तिने किती अर्जांवर आपल्या हाताने लिहिली होती. धाकटा कोसळला तो दिवस.

५

त्या संध्याकाळी आत्या टिटवीकडे गेली नाही. दावा हातात आला की तो एकदा आपणच मोडून बघायचा, मग पुढे पाठवायचा, ही तिची रीत. घरी बसून तिने तो हरतऱ्हेने मोडून पाहिला. मोडला नाही. रविवारी दुपारी ती धाकट्याच्या घरी गेली, टिटवीने केलेल्या चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाली, "तुझा चोर सापडला. पण तो चोर नाही, आणि त्याने तुझ्यावर डूख धरून काही केलेलं नाही. नीट ऐक."

टिटवी समोर बसली.

"काल दिवसभर मी विचारत होते, या तिघांपैकी कोण? चुकलं ते तिथेच. शिक्का पडला तो तुला ओळखतात म्हणून नाही. डॉक्टरांची शाबासकी वजनदार होती म्हणून. अशी शाबासकी कुणाच्याही लेखावर पडली की थोड्या वेळात रखवालदार तो लेख वाचतो. डॉक्टरांचाही वाचतो, पुसतोही. झोप नाही, सुट्टी नाही, मुरवत नाही. हे माणसाचं काम वाटतं तुला?"

"यंत्र," टिटवी म्हणाली. "मग ते चालवणारा कुणीतरी असेल."

"होता. चुकीचा शिक्का असेल तर उठवायचा, बाईंना अदबीने उत्तर द्यायचा, रोज सकाळी खडू उचलायचा. उन्हाळ्यात एका दिवशी हे तिन्ही एकदम थांबलं. पुसणं तेवढं चालू राहिलं. बाई म्हणतात, माणसाचा दगड झाला. डॉक्टर म्हणतात, कुणालाच सोडत नाही. फोटोवाल्याला वाटतं, माजलाय. अगं, मी इतकी वर्षं दावे तपासले. हक्काचे पैसे न उचलणारा माणूस दोनच प्रकारचा असतो. एक, ज्याला त्यातलं काही ठाऊक नाही. दुसरा, जो राहिलेला नाही. याला तर ठाऊक होतं, रोज उचलत होता."

टिटवीने आपला कप खाली ठेवला.

"गावातलाच. प्रोग्राम लिहिता येणारा. आणि ज्या दिवशी तो थांबला ती तारीख..." आत्याला तारीख उच्चारता आली नाही. "तूच म्हणालीस ना, बाबा वाचत बसायचे तिथे?"

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. टिटवीने उठून खिडकी लावली.

"मग मला का पुसलं?" तिने शेवटी विचारलं. "बाबांनी मला का पुसलं?"

"तू लिहिलंयस, 'लिफ्ट बटण दाबणाऱ्याचं तोंड बघत नाही.' लिहिलंयस, 'अडकलेल्या माणसाला आधी आवाज द्यावा, मग दार उघडावं.' ही वाक्यं कुणाची?"

"माझी." मग तिनेच दुरुस्त केलं, "घरातली. जेवताना म्हणायचे ते. मी लहान असल्यापासून."

"घरात म्हणायचा, तसं तिथेही लिहून ठेवलं असेल तर?"

टिटवीने फोन काढला. रखवालदाराचं पान म्हणजे पुसलेल्या लेखांची न संपणारी जंत्री. वरचे दोन-चार बघून सगळे माघारी फिरत. आत्या म्हणाली, तळाशी जा, फाइल मी नेहमी तळापासून वाचते. टिटवीचा अंगठा कितीतरी वेळ सरकत राहिला. आणि अगदी शेवटी, फळा नवा होता त्या वर्षीचे, थोडे लेख होते. रखवालदाराचे स्वतःचे. त्यांना शाबासकी कुणी फारशी दिलेली नव्हती.

एकात लिफ्ट होती, बटण होतं, अडकलेला माणूस होता. टिटवीची वाक्यं, शब्दाला शब्द.

दुसऱ्यात एवढंच होतं : 'मुलगी निबंध लिहिते. मला दाखवत नाही. बरोबर आहे, मीही माझं कुठे दाखवतो.'

आणि शेवटच्या लेखात त्याने रखवालदार का केला ते लिहिलं होतं. एका नव्या मुलीची कविता एका बड्याने आपल्या नावावर खपवली, खडू लाटले, आणि ती मुलगी फळा सोडून गेली. 'नव्या माणसाच्या मागे कुणी उभं नसतं,' धाकट्याने लिहिलं होतं. 'मला भांडता येत नाही. यंत्र करता येतं. ज्याचं लिखाण त्याचं राहील, मग समोरचा कोणीही असो. घरच्यालाही सूट नाही.'

आत्याने ते दोनदा वाचलं. भाऊ गेल्याचं दुःख व्हायला हवं होतं, त्याच्या चांगुलपणाचं कौतुक व्हायला हवं होतं, निदान या योगायोगाचा संताप तरी. काहीच झालं नाही. तिला फक्त वाटलं की चहा गार झाला.

६

शिक्का उठवणारं बोट आता कुठेच नव्हतं. धाकट्याचा लॅपटॉप कंपनीचा, तो कंपनीने कोरा करून घेतला होता. परवलीचा शब्द त्याच्या डोक्यात होता. यंत्र कुठल्यातरी भाड्याच्या सर्व्हरवर चालू होतं, भाडं त्याने आगाऊ भरलेलं असणार; ते संपेपर्यंत ते वाचत राहणार आणि पुसत राहणार.

"मी बाईंना सांगते," आत्या म्हणाली. "त्या लेखाखाली सगळा खुलासा लिहितील. डॉक्टर, फोटोवाला, सगळ्यांना कळू दे. शिक्का हलणार नाही, पण नाव तरी धुऊन निघेल."

"राहू दे," टिटवी म्हणाली. "शिक्का खोटा कुठे आहे? वाक्यं त्यांचीच आहेत."

"अगं, पण चोर म्हणून..."

"आत्या, डॉक्टरांना फोन लावतेस?"

आत्याला काही उमगलं नाही, पण तिने लावला. टिटवीने नवा लेख टाकला होता, एकाच ओळीचा : 'अडकलेल्या माणसाला आधी आवाज द्यावा.' डॉक्टर जेवून आडवा झालेला होता. एका ओळीला कसली शाबासकी, म्हणून कुरकुरला, आणि दिली. दोघी फोनकडे बघत बसल्या. थोड्या वेळाने तांबडी अक्षरं उमटली. 'उचललेलं लिखाण. पुसलं. रखवालदार.'

टिटवीने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "बघ. लक्षात आहे त्यांच्या."

मग तिने दुसरी ओळ टाकली. तीही बाबांचीच, तीही पुसली गेली. डॉक्टर म्हणाला, मॅडम, हे काय चाललंय, माझी शाबासकी फुकट जातेय. आत्याने त्याला, आयुष्यात कधी नव्हे ते, "हात जोडते" असं म्हटलं. तो हळू आवाजात म्हणाला, टाकायला सांगा तिला, मी जागा आहे.

तिसऱ्या ओळीपाशी टिटवी अडली. लिही लिही म्हणून बोटं पुढे जात, आणि परत फिरत. ही ओळ तिने लेखात घेतली नव्हती. लिहायला बसली त्या प्रत्येक वेळी तिने ती बाजूला ठेवली होती, हे आत्याला तिने नंतर सांगितलं. आता तिने ती एका दमात लिहून टाकली : 'बाबा मला शाळेतून आणायचे, तेव्हा खाली लिफ्ट उभी असली तरी म्हणायचे, आज जिन्याने जाऊ. तेवढीच तू जास्त वेळ.'

डॉक्टरने शाबासकी दिली.

दोघी बसून राहिल्या. फोनचा पडदा विझला की टिटवी तो पेटवायची. मघाशी शिक्का पडायला जेवढा वेळ लागला तेवढा गेला. त्याच्या दुप्पट गेला. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरलं. पहिल्या लेखाचा आठवडा केव्हा सरला, शिक्का कायमचा केव्हा झाला, याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आत्याला वाटलं, यंत्र बंद पडलं की काय. टिटवीने दुसऱ्यांची पानं उघडून दाखवली. रखवालदार जागा होता, आत्ताच त्याने कुठल्याशा बड्या माशाचा लेख पुसला होता. ही ओळ त्याने वाचली होती, सगळ्या फळ्यावरच्या सगळ्या लिखाणाशी ताडून पाहिली होती, आणि हात न लावता पुढे गेला होता.

"हे त्यांनी कुठेच लिहिलं नाही," टिटवी म्हणाली. "तिथेसुद्धा नाही." तिचा आवाज चिरकला, आणि मग ती बोलायलाच लागली. किती मजले होते, दप्तर कोण धरायचं, बाबांना मध्येच दम लागायचा आणि ते कसं लपवायचे, चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीला वाटायचं लिफ्ट बिघडली आणि ती बाबांनाच तक्रार सांगायची. सांगता सांगता ती हसली आणि हसता हसता तिचं नाक वाहायला लागलं, तरी ती थांबेना. "हे फक्त मला म्हणाले होते ते. आत्या, हे माझ्या एकटीचं आहे ना?"

आत्याने हो म्हणायला तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं.